‘प्रायव्हेट बिल’ने ग्रीन कार्ड मिळतं का? तुमच्या ताईच्या केसमध्ये आधी काय बघायला हवं

तुमच्या दाजींबद्दल वाचून फार वाईट वाटलं. अशा वेळी घरच्यांना रडायलाही सवड मिळत नाही, कागदच समोर येऊन उभे राहतात.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते. दाजी न्यू जर्सीत एच-१बीवर (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) होते, ईबी-२ मध्ये (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डचा एक वर्ग) आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेली पिटिशन) मंजूर होता, हार्ट अटॅकने अचानक गेले. ताई एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या बायको-मुलांचा व्हिसा), एच-४ ईएडीवर (कामाचा परवाना) नोकरी करत होती. मोठा मुलगा १९ वर्षांचा, भारतात जन्मलेला, तोही एच-४ वर, कॉलेजात शिकतोय. धाकटी मुलगी ११ वर्षांची, इथेच जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की काँग्रेसमनला सांगून ‘प्रायव्हेट बिल’ पास करून घेतलं की थेट ग्रीन कार्ड मिळतं, आणि एक कन्सल्टंट ४० हजार डॉलर घेऊन ते करून देतो म्हणतोय. तुम्ही विचारताय की हे खरं आहे का आणि पैसे द्यावेत का.

पैसे देऊ नका. आज नाही, उद्या नाही, हप्त्यानेही नाही. कारण खाली सांगतेच. पण तुमचा खरा प्रश्न प्रायव्हेट बिलाचा नाहीये असं मला वाटतं. दाजी गेल्यावर त्यांचा रांगेतला नंबरही गेला का, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर बहुतेक ‘नाही, तो वाचू शकतो’ असं आहे, आणि त्यासाठी कोणत्याही खासदाराची गरज नाही.

आधी प्रायव्हेट बिल म्हणजे काय ते सांगते, कारण ही गोष्ट खोटी नाही, फक्त फार दुर्मिळ आहे. आपल्याकडे लोकसभेत शुक्रवारी खासदार स्वतःचं विधेयक मांडतात ते हे नव्हे. इथे काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, एका नाव घेतलेल्या माणसासाठी किंवा कुटुंबासाठी कायदा करू शकते. सरकारकडे दाद मागायचा हक्क इथल्या पहिल्या घटनादुरुस्तीतच आहे, त्यातून ही प्रथा आली. बिलाच्या डोक्यावर ‘अमुक अमुक यांना दिलासा देण्यासाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. आत मजकूर दीड-दोन पानांचा, आणि इमिग्रेशनच्या बिलांचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. पहिलं कलम म्हणतं की इमिग्रेशन कायद्यात काहीही असलं तरी ही व्यक्ती ग्रीन कार्डला पात्र धरावी. मग येतं की कायदा झाल्यापासून दोन वर्षांच्या आत फी भरून रीतसर अर्ज करावा लागेल, म्हणजे फीसुद्धा माफ नाही. पुढचं कलम म्हणतं की ती व्यक्ती ज्या देशात जन्मली त्या देशाच्या कोट्यातून तेवढे व्हिसा नंबर कमी करावेत. आणि शेवटी, या व्यक्तीच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना या नात्यावरून कोणताही फायदा मिळणार नाही. हे शेवटचं कलम तुमच्यासाठी मुद्दाम सांगितलं, कारण तुम्ही भाऊ आहात आणि तो कन्सल्टंट ‘नंतर सगळ्या फॅमिलीचं होईल’ असंही म्हणाला असं तुम्ही लिहिलंय. ते उघडउघड खोटं आहे.

एकेकाळी ही वाट खूप वाहती होती. युद्धातलं पेन्शन, सरकारी गाडीने झालेलं नुकसान, सरकारने थकवलेले पैसे, सगळं काँग्रेसकडेच यायचं. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर परत हाऊसमध्ये (काँग्रेसचं खालचं सभागृह) निवडून आले होते, तेव्हा त्यांची तक्रारच होती की काँग्रेसचा निम्मा वेळ असल्या दाव्यांत जातो आणि हे काम खरं तर कोर्टाचं आहे. १८५५ मध्ये त्यासाठी कोर्ट ऑफ क्लेम्स निघालं, तरी यादवी युद्धानंतर पेन्शनच्या बिलांचा एवढा पूर आला की राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी अशी शेकडो बिलं व्हेटो केली. १९०५ ते १९०७ च्या काँग्रेसने तर ६,२४९ प्रायव्हेट कायदे केले, त्याच दोन वर्षांत सगळ्या देशासाठीचे सार्वजनिक कायदे झाले ७७५. मग १९४६ ला सरकारविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा सरळ कोर्टात लावायची सोय झाली आणि तशा दाव्यांसाठी, पेन्शनसाठी प्रायव्हेट बिल आणायला बंदीच घातली. उरलं ते मुख्यतः इमिग्रेशन. आता दोन वर्षांच्या एका काँग्रेसमध्ये असे कायदे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होतात, काही काँग्रेसमध्ये चक्क शून्य.

हा इतिहास सांगण्यामागे कारण आहे. त्यात एक गोष्ट परत परत दिसते: एकाच प्रकारची अडचण घेऊन खूप लोक काँग्रेसच्या दारात आले की शेवटी काँग्रेस त्या अडचणीवर सगळ्यांसाठी कायदा करते, आणि मग त्या प्रकारचं प्रायव्हेट बिल घेऊन गेलात तर ते तुम्हाला म्हणतात की कायदा आहे ना, तिकडे जा. तुमच्या ताईच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं आहे. पूर्वी अर्ज करणारा किंवा ज्याच्या नावावर अर्ज होता तो माणूस गेला की मागच्यांचा हक्क बहुतेक वेळा तिथेच संपायचा, त्यात नवऱ्यामागे राहिलेल्या बायकांचे फार हाल झाले, काहींसाठी प्रायव्हेट बिलं मांडावी लागली. ऑक्टोबर २००९ मध्ये इमिग्रेशन कायद्यात कलम २०४(एल) घातलं गेलं. त्यानुसार मुख्य अर्जदार वारला तरी त्याच्यावर अवलंबून असलेली बायको-मुलं, मृत्यूच्या वेळी अमेरिकेत राहत असतील आणि पुढेही इथेच राहत असतील तर, ती पिटिशन जिवंत ठेवता येते. हे नोकरीवरून केलेल्या पिटिशनलाही लागू आहे, म्हणजे दाजींच्या आय-१४० ला. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, तीच राहते.

आता इथून पुढे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुम्ही लिहिलेलं नाही ते मला माहीत नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

आय-४८५ भरलेला होता का? म्हणजे मधे कधी डेट करंट झाली होती (रांगेत नंबर लागला होता) तेव्हा सगळ्यांचे ग्रीन कार्डचे अर्ज गेले होते का? गेले असतील तर परिस्थिती बरीच बरी आहे. पेंडिंग अर्जावर इथे थांबता येतं, त्यावरच ईएडी मिळतं, २०४(एल) खाली तो अर्ज पुढे चालवा अशी लेखी विनंती करायची, सोबत डेथ सर्टिफिकेट, लग्नाचा दाखला, इथे राहत असल्याचे पुरावे. यूएससीआयएसला (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं सरकारी खातं) नाही म्हणायचा अधिकार असतो, पण माझ्या अनुभवात कागद नीट असले तर उगाच अडवत नाहीत.

नसेल भरलेला तर खरी अडचण तिथे आहे. पिटिशन वाचेल, नंबर वाचेल, पण भारताच्या ईबी-२ ची रांग किती लांब आहे ते तुम्हाला माहीतच आहे, आणि नंबर येईपर्यंत ताईला इथे कायदेशीर स्टेटसवर राहायला लागेल, जे २०४(एल) देत नाही. एच-४ हे दाजींच्या एच-१बीवर उभं होतं, तेच गेलं, त्यासोबत एच-४ ईएडीही गेलं. म्हणजे ताईने ते कार्ड दाखवून कामावर जाणं थांबवायला हवं, कार्डावर पुढची तारीख असली तरी. हे ऐकायला फार कठोर वाटतं, घरात कमावणारं दुसरं कोणी नसताना तर आणखीच, पण परवानगीशिवाय केलेलं काम पुढे ग्रीन कार्डच्या वेळी आडवं येतं. लगेच दुसऱ्या स्टेटसचा अर्ज टाकायचा. मुलासाठी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) सरळ आहे, तो कॉलेजात आहेच. ताईसाठी आवराआवरीपुरता बी-२ (पाहुण्यांचा व्हिसा), किंवा शिकायची तयारी असेल तर एफ-१, किंवा तिचं शिक्षण आणि अनुभव बघून तिच्याच कंपनीने तिच्यासाठी एच-१बी करणं. शेवटचा मार्ग लॉटरीचा आहे पण तिच्या एचआरला विचारायलाच हवं, विचारायला लाजू नका, अशा वेळी कंपन्या मदत करतात हे मी बघितलंय. बी-२ किंवा एफ-१ साठी ‘मी परत जाणार आहे’ हे पटवावं लागतं आणि मंजूर आय-१४० त्याच्या विरोधात जातो, त्यामुळे हा अर्ज स्वतः ऑनलाईन भरू नका, वकिलाकडूनच करून घ्या.

मुलाचं वय हा दुसरा काटा. २१ पूर्ण झालं की तो ‘चाइल्ड’ राहत नाही. वय मोजताना आय-१४० जितके दिवस पेंडिंग होता तितके वजा होतात, पण हिशोब नंबर उपलब्ध होतो त्या दिवशीच्या वयाचा असतो, आणि भारताची रांग बघता दोन वर्षांत नंबर लागला नाही तर त्याचा हक्क जाईल. हे मी गोड करून सांगणार नाही. त्याला आत्ताच एफ-१ वर न्या आणि त्याचं पुढचं स्वतंत्र धरूनच चाला.

एक गोष्ट घाईची आहे. तुम्ही लिहिलंय की ताईला अस्थी नाशिकला न्यायच्या आहेत आणि आई म्हणतात की मुलांना घेऊन वर्षभर सातारलाच ये. आईंचं म्हणणं मला कळतं, लेक एकटी पडलीये. पण २०४(एल) चा सगळा आधार ‘मृत्यूच्या वेळी इथे राहत होती आणि अजूनही राहते’ यावर आहे. घर रिकामं करून, शाळा सोडवून वर्षभरासाठी गेलात तर ‘अजूनही राहते’ हे सिद्ध करणं अवघड होईल. थोड्या दिवसांसाठी जाणं म्हणजे वास्तव्य सोडणं नव्हे, ते चालतं, पण परत येताना कोणत्या व्हिसावर येणार? पासपोर्टातला एच-४ चा शिक्का आता वापरता येणार नाही. आय-४८५ पेंडिंग असेल तर आधी अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हवा. तेव्हा तिकीट काढायच्या आधी वकिलाशी बोला. धाकटीला तुमच्यासोबत किंवा नातलगासोबत पाठवून विधी करून घेणं शक्य असेल तर तसं करा. मी माझ्या क्लायंट्सना हे सांगते तेव्हा मलाही जड जातं, पण परतीचा रस्ता बंद झालेली कुटुंबं मी पाहिलीयेत.

आता परत प्रायव्हेट बिलाकडे, कारण समजा हे सगळं फसलं तर? तेव्हा तो पर्याय उरतो, पण तेव्हाच. हाऊसच्या ज्युडिशिअरी कमिटीची इमिग्रेशन सबकमिटी अशा बिलांकडे बघते आणि त्यांचा पहिला नियमच हा की बाकीचे सगळे मार्ग, यूएससीआयएस, इमिग्रेशन कोर्ट, अपील, सगळे संपलेले असले पाहिजेत. ज्याच्याकडे २०४(एल) शिल्लक आहे त्याचं बिल ते हातातही घेणार नाहीत. शिवाय प्रत्येक मार्ग संपल्याचा कागद लागतो, नुसतं ‘वकील म्हणाले होणार नाही’ चालत नाही. डिपोर्टेशनच्या केसमध्ये ‘कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल’ म्हणून एक सवलत असते: इथे सलग दहा वर्षं वास्तव्य, चांगलं चारित्र्य, आणि तुम्हाला पाठवलं तर नागरिक मुलावर अगदी असाधारण संकट येईल हे सिद्ध करायचं. वर्षाला ४,००० जणांचीच मर्यादा. ताईची मुलगी नागरिक आहे म्हणून कोणीतरी तुम्हाला हा मार्गही सुचवेल, पण त्यासाठी आधी डिपोर्टेशनच्या केसमध्ये उभं राहावं लागतं, तिथे मुद्दाम जाऊन कोणी उभं राहू नये.

बरं, समजा बिल मांडायला काँग्रेसमन तयार झाला. मांडणं सोपं आहे, एका सदस्याची सही पुरते. पुढे सबकमिटीने आयसीईकडून (डिपोर्टेशन बघणारं सरकारी खातं) रिपोर्ट मागवायचा, मग सबकमिटीत मत, मग पूर्ण कमिटीत, मग हाऊसचं प्रायव्हेट कॅलेंडर (अशा बिलांची यादी), जे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, आणि स्पीकरने ठरवलं तर तिसऱ्या मंगळवारीही पुकारलं जातं. दोन्ही पक्षांनी अशी बिलं तपासायला आपापले आक्षेपकर्ते नेमलेले असतात आणि दोन सदस्यांनी हरकत घेतली की बिल परत कमिटीकडे. तिथून सुटलं तर सिनेटमध्ये हेच सगळं, तिथे बहुधा एकमताने, म्हणजे एका सिनेटरचा विरोधही पुरतो. मग राष्ट्राध्यक्षांची सही. हे सगळं दोन वर्षांत व्हायला हवं, कारण काँग्रेसची मुदत संपली की बिल मेलं, नव्या काँग्रेसमध्ये पहिल्यापासून मांडायचं. सिनेटर डायान फाइनस्टाइन काही कुटुंबांसाठी वर्षानुवर्षं दर काँग्रेसमध्ये तीच बिलं परत मांडत राहिल्या. त्यामागे कारण होतं: पूर्वी कमिटीने रिपोर्ट मागवला की आयसीई त्या माणसाला डिपोर्ट करायचं थांबवायची, म्हणजे बिल पास न होताही संरक्षण मिळायचं. २०१७ मध्ये आयसीईने ते आवळलं, आता कमिटीच्या अध्यक्षांकडून वेगळी लेखी विनंती लागते आणि स्थगिती साधारण सहा महिन्यांपुरती. मला हा बदल चुकीचा वाटतो. आजारी मुलाच्या आईला सहा महिन्यांचा श्वास देऊन काय होतं?

कोणाची बिलं पास होतात? २०१० च्या डिसेंबरमध्ये दोन झाली, दोन्हींमध्ये घरातल्या कोणाच्या तरी मृत्यूने हक्क मधेच तुटला होता आणि कायद्याच्या कोणत्याच कलमात ती केस बसत नव्हती. २०२२ च्या अखेरीस मोजकी झाली, त्यात एक भारतीय कुटुंबही होतं. फक्त ‘खूप वर्षं इथे आहोत, टॅक्स भरतो, मुलं हुशार आहेत’ याने होत नाही, कारण तसे लाखो लोक आहेत. कायद्याच्या नजरेतून सुटलेली, दुसरी जोड नसलेली परिस्थिती लागते. प्रायव्हेट बिलाची फाईल मी स्वतः बांधलेली आहे. वैद्यकीय रिपोर्ट, शाळेची, डॉक्टरांची, शेजाऱ्यांची पत्रं, टॅक्स रिटर्न, आधीच्या प्रत्येक अर्जाचा निकाल. पत्रांत ‘त्या फार चांगल्या आहेत’ असं लिहिलेलं कोणी वाचत नाही. मुलाच्या थेरपिस्टने ‘आई आठवड्यातून चार वेळा या मुलाला इकडे आणते, ती गेली तर हे उपचार थांबतील’ असं लिहिलं, ते पत्र सबकमिटीच्या स्टाफने वेगळं काढून विचारलं होतं.

आता त्या ४० हजारांचं. बिल मांडायला सरकारी फी नाही. काँग्रेसमनला किंवा त्याच्या ऑफिसला पैसे देणं हा गुन्हा आहे, देणाऱ्यालाही. १९८० मध्ये अ‍ॅबस्कॅम नावाचं प्रकरण बाहेर आलं, एफबीआयने खोटा अरब शेख उभा केला होता आणि त्याच्यासाठी प्रायव्हेट इमिग्रेशन बिल आणण्याचं कबूल करून काही सदस्यांनी रोख पैसे घेतले. एक सिनेटर आणि सहा हाऊस सदस्य दोषी ठरले. तेव्हापासून या बिलांकडे फार संशयाने बघतात. वकिलाने फाईल तयार करण्याची फी घेणं रीतसर आहे, पण ‘पास करून देतो’ म्हणणारा एकतर तुम्हाला फसवतोय किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. त्याचे मेसेज डिलीट करू नका, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार करता येते.

काँग्रेसमनच्या ऑफिसात मात्र जरूर जा, दुसऱ्या कामासाठी. प्रत्येक सदस्याच्या मतदारसंघातल्या ऑफिसात केसवर्क करणारी माणसं असतात, त्यांच्या भागात राहणाऱ्या कोणालाही मदत करतात, नागरिक असायची अट नाही, एक पैसा लागत नाही. ताईने एक प्रायव्हसी रिलीज फॉर्म सही करून द्यायचा, म्हणजे तिच्या वतीने यूएससीआयएसला विचारता येतं. २०४(एल) ची विनंती धूळ खात पडली असेल किंवा स्टेटस बदलाच्या अर्जाला घाई हवी असेल तर या ऑफिसच्या एका चौकशीने फाईल हलते. ‘आमच्यासाठी बिल आणा’ म्हणत गेलात तर ते सहानुभूतीने ऐकून घेतील आणि काहीच होणार नाही, ‘हा रिसीट नंबर, ही विनंती या तारखेला दिली, उत्तर नाही’ म्हणत गेलात तर काम होईल.

तर या आठवड्यात एवढं करा: दाजींच्या कंपनीच्या एचआरकडून आय-१४० च्या अप्रूव्हल नोटीसची कॉपी मिळवा (पिटिशन कंपनीची असते, घरी कॉपी नसेलच असं धरा), डेथ सर्टिफिकेटच्या जास्तीच्या प्रमाणित प्रती काढा, ताईचे आणि मुलाचे आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) डाउनलोड करा, आणि इमिग्रेशनच्याच वकिलाची वेळ घ्या, घराच्या क्लोजिंगवाल्या वकिलाची नको. स्टेटस बदलाच्या अर्जाला दिवस मोजके असतात, ते दाजी गेले त्या दिवसापासून सुरू झालेत.

आणि मला तीन गोष्टी कळवा: आय-४८५ भरला होता का, प्रायॉरिटी डेट काय, आणि आय-१४० फाईल केल्याची व मंजूर झाल्याची तारीख. मुलाची पूर्ण जन्मतारीख इथे उघड्यावर टाकू नका, फक्त २१ ला किती महिने उरलेत ते सांगा, मी वयाचा हिशोब करून इथेच लिहिते.